'आज भाजी काय करू?' रोजच्या या एका प्रश्नामागे आईचं किती काम लपलेलं असतं?

सकाळचे साडेनऊ वाजलेत. घरात कोणी पेपर वाचतंय, कोणी मोबाईलवर रील बघतंय आणि किचनमधून आवाज येतो, "आज भाजी काय करू?"

उत्तर ठरलेलं असतं. "काहीही कर."

पाच मिनिटांनी पुन्हा आवाज. "मेथी करू का?"

"परवाच झाली ना मेथी."

"मग दोडका?"

"दोडका नको गं."

"मग काय करू सांगा तरी!"

"अगं कर ना काहीही."

हा संवाद वाचून तुम्हाला तुमचंच घर आठवलं असेल, तर त्यात नवल नाही. घरोघरी मातीच्या चुली. यावर मीम झालेत, रील झालेत, आपण ते एकमेकांना पाठवून हसलोही आहोत. पण हाच प्रश्न वर्षाचे ३६५ दिवस, दिवसातून दोन वेळा एकाच माणसाला का पडतो, आणि त्याचं उत्तर शोधायला एवढा त्रास का होतो, याचा विचार आपण फारसा करत नाही.

मीही करत नव्हतो. गेल्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तो करावा लागला.

नेमकं झालं काय?

आमचं घर सातारा जिल्ह्यात, मी नोकरीसाठी पुण्यात. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आईला सांगितलं, काही दिवस गॅससमोर उभं राहायचं नाही. डोळ्यात वाफ, धूर, फोडणीचा ठसका काही जायला नको. मी ऑफिसातून पंधरा दिवसांचं वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि गावी गेलो. आईला म्हणालो, "तू फक्त आराम कर. स्वयंपाक मी बघतो."

हा आत्मविश्वास उगाच नव्हता. पुण्यात फ्लॅटवर आम्ही तिघं मित्र आळीपाळीने स्वयंपाक करतो. कुकर लावता येतो, चार-पाच भाज्या येतात. चपात्या गोल होत नाहीत, पण खाता येतात. (आमच्याकडे चपातीच म्हणतात. पोळीवाल्यांनी कमेंटमध्ये भांडू नये.)

पहिले दोन दिवस बरे गेले. एक दिवस बटाटा, एक दिवस फ्लॉवर.

तिसऱ्या दिवशी ठरवलं, मटकीची उसळ करू. सकाळी अकरा वाजता डबा उघडला तर मटकी कोरडी. आईला विचारलं तर ती पडल्या पडल्या म्हणाली, "अरे, ती परवा रात्री भिजवायची. काल सकाळी उपसून फडक्यात बांधायची. तेव्हा कुठं आज मोड येणार."

चौथा दिवस गुरुवार. पप्पांचा उपवास असतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण साबुदाणा आदल्या रात्री भिजवायचा असतो आणि शेंगदाण्याचं कूट संपलेलं आहे, हे माहीत नव्हतं. पप्पांनी दोन केळी खाल्ली, दूध प्यायले आणि काही बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी फ्रीज उघडला तर मेथी पिवळी पडलेली आणि कोथिंबीर काळी. रविवारच्या आठवडी बाजारात जुडी स्वस्त मिळाली म्हणून मी मेथी, पालक, शेपू असं सगळं एकदम उचललं होतं. आणि सहाव्या दिवशी, भात अर्धा शिजलेला असताना गॅस गेला. दुसरी टाकी भरलेली असते असं मी धरून चाललो होतो. ती भरलेली असते, कारण पहिली लावली की आई लगेच पुढचं बुकिंग करते. यावेळी मधेच टाकी बदलली ती मी, आणि बुकिंग कोणीच केलं नव्हतं.

आता यातल्या एकाही गोष्टीचा संबंध स्वयंपाक येण्या-न येण्याशी नाही. मटकीची उसळ मला येते. साबुदाण्याची खिचडीही येते. मला जे येत नव्हतं ते स्वयंपाकाच्या आधीचं होतं.

एक भाजी ठरवताना डोक्यात काय काय चालतं?

त्या दिवसांत मी एक प्रयोग केला. मोबाईलमध्ये नोट उघडली आणि दिवसभरात जेवणाशी संबंधित जो विचार करावा लागला तो लिहीत गेलो. रात्री मोजलं तर २७ नोंदी झाल्या होत्या. त्यातल्या काही अशा:

- फ्रीजमध्ये काय आहे आणि त्यातलं आधी काय खराब होईल? पालेभाजी दोन दिवसांत संपवायला हवी. गवार, वांगी तीन-चार दिवस थांबतील. दुधी, कोबी आठवडा काढेल. कांदे, बटाटे आणि कडधान्यं आठवड्याच्या शेवटासाठी राखून ठेवायची.
- काल काय झालं, परवा काय झालं?
- कोण काय खात नाही? पप्पांना पित्त होतं म्हणून वांगं रात्री नको. आईला औषधं चालू आहेत म्हणून तिखट कमी.
- आज वार कोणता? उपवास, चतुर्थी, एकादशी काही आहे का?
- कालच्या तीन चपात्या उरल्यात. त्यांचा सकाळी कुस्करा करायचा की दुपारी तशाच खायच्या? कुस्करा केला तर कांदा पुरेल का?
- दूध किती आहे? रात्री विरजण लावायला उरेल का?
- डाळ, तांदूळ, तेल किती दिवस पुरेल?
- उद्याचं काय?

त्या २७ पैकी प्रत्यक्ष हाताने करायची कामं जेमतेम सात-आठ होती. बाकी सगळा हिशोब होता, आणि तो कुठे लिहिलेला नव्हता.

एखादं दुकान चालवणारा माणूस हेच करतो. माल किती आहे, काय आधी खपवायचं, काय मागवायचं, गिऱ्हाईक काय घेईल. फक्त दुकानदाराकडे वही असते, आता तर सॉफ्टवेअर असतं. घरात हे सगळं एका बाईच्या डोक्यात असतं, आणि तिलाही विचारलं तर ती सांगते, "त्यात काय एवढं? लक्षात राहतं."

म्हणून 'आज भाजी काय करू?' हा प्रश्न जेव्हा किचनमधून येतो, तेव्हा त्याआधी हा सगळा हिशोब होऊन गेलेला असतो. तिच्यासमोर दोन-तीनच पर्याय उरलेले असतात आणि शेवटची निवड तरी दुसऱ्या कोणी करावी एवढीच तिची अपेक्षा असते. आपण म्हणतो, "काहीही कर." ऐकायला हे उत्तर समजूतदार वाटतं. म्हणजे बघा, आमची काही फर्माईश नाही, तू करशील ते खाऊ. पण खरं तर आपण तो प्रश्न उचलून पुन्हा तिच्याच पदरात टाकलेला असतो. वर 'दोडका नको' म्हणायचा हक्क आपल्याकडे राखून ठेवलेला असतो.

याला काही नाव आहे का?

आहे. समाजशास्त्रात याला घरकामाची बौद्धिक बाजू म्हणतात. इंग्रजीत यासाठी 'मेंटल लोड' हा शब्द आता सर्रास वापरला जातो. आपण त्याला मनावरचं ओझं म्हणू.

हा शब्द सोशल मीडियावर पोचवण्यात एका कॉमिकचा मोठा वाटा आहे. २०१७ मध्ये 'एमा' या नावाने चित्रं काढणाऱ्या फ्रेंच चित्रकर्तीने एक कॉमिक केलं. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता, 'मग सांगायचं ना!' घरात बायकोची दमछाक होते, काहीतरी उतू जातं, सांडतं आणि नवरा म्हणतो, 'अगं मला सांगायचं ना, मी केलं असतं.' एमाचं म्हणणं असं की, सांगावं लागणं हेच तर काम आहे. काय करायचं ते ठरवायचं, लक्षात ठेवायचं, दुसऱ्याला सांगायचं आणि त्याने केलं का ते बघायचं, एवढं सगळं बायकोकडेच राहिलं तर नवरा घरातला हाताखालचा माणूस होतो आणि ती मुकादम. हे कॉमिक जगभर व्हायरल झालं, कारण ते फ्रान्सइतकंच फलटणलाही लागू होतं.

या विषयावरचं एक महत्त्वाचं संशोधन २०१९ मध्ये आलं. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांमधल्या नवरा आणि बायको दोघांच्याही सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यावरून त्यांनी या डोक्यातल्या कामाचे चार टप्पे सांगितले. ते आपल्या मटकीवर लावून बघू.

पहिला टप्पा, पुढचं ओळखणं. बुधवारपर्यंत रविवारची भाजी संपेल, तेव्हा काहीतरी लागणार, हे सोमवारी कळणं.

दुसरा, पर्याय शोधणं. घरात मटकी आहे, मूग आहेत, बेसन आहे. उसळ होईल, नाहीतर पिठलं होईल.

तिसरा, ठरवणं. चला, उसळ करू.

चौथा, लक्ष ठेवणं. सोमवारी रात्री मटकी भिजवली का? मंगळवारी सकाळी उपसली का? फडकं कोरडं पडलं नाही ना? मोड आले का? आणि बुधवारी सगळ्यांनी खाल्ली का, की नुसतं ताटात चिवडत बसले?

डॅमिंजर यांना असं दिसलं की तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे ठरवताना, नवरे बऱ्यापैकी सहभागी असतात. पण पहिला आणि चौथा टप्पा मुख्यतः बायकांकडे असतो. हे दोन टप्पे बाहेरून दिसत नाहीत, त्यांना वेळेचं बंधन नसतं आणि त्यांचं श्रेयही मिळत नाही.

हे संशोधन अमेरिकेतलं आहे, तिथली घरं वेगळी, हे खरंच. आपल्याकडे सासू, सून, जाऊ असं एकत्र कुटुंब असेल तर ठरवणारी एक आणि करणारी दुसरी असू शकते. अनेक घरांत कामाला मावशी येतात. पण मावशींनाही 'आज काय करू ताई?' हे विचारायला ताईच लागतात. स्वयंपाकाला माणूस ठेवला तरी या चारपैकी तीन टप्पे घरातल्या बाईकडेच राहतात.

आणि माझ्या पंधरा दिवसांत हेच झालं होतं, हे मला नंतर समजलं. सकाळी उठलो की मी आईच्या कॉटपाशी जाऊन विचारायचो, "आई, आज काय करू?" मग मीठ किती, हिंगाची डबी कुठे, दूध आलं का, डाळ कोणत्या डब्यात. गॅससमोर मी उभा होतो, पण किचन आईच चालवत होती, डोळ्याला काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी सांगितलेला आराम तिच्या डोळ्याला मिळाला. तिच्या डोक्याला नाही.

आकडे काय सांगतात?

घरात कोण किती वेळ काय करतं, हे आपल्या देशात सरकारने मोजलेलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये पहिल्यांदा देशभर 'टाइम यूज सर्व्हे' म्हणजे वेळवापर सर्वेक्षण केलं. त्याआधी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत एक प्राथमिक सर्वेक्षण झालं होतं, त्यात महाराष्ट्र नव्हता.

२०१९ च्या सर्वेक्षणात दिसलं की स्वयंपाक, झाडलोट, धुणंभांडी, खरेदी अशा बिनपगारी घरकामात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे पाच तास विरुद्ध जेमतेम दीड तास.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण हा आकडा शेअर करताना ती हमखास गाळली जाते. ही सरासरी सगळ्या बायका आणि सगळ्या पुरुषांची नाही. त्या दिवशी ज्यांनी थोडंतरी घरकाम केलं, फक्त त्यांची आहे. आणि असं काम करणाऱ्या बायका होत्या ८१.२ टक्के, तर पुरुष होते २६.१ टक्के. म्हणजे चारातल्या साधारण तीन पुरुषांनी त्या दिवशी घरात कशालाच हात लावला नव्हता. ९७ मिनिटं हा आकडा उरलेल्या एकाचा आहे.

२०२४ मध्ये हे सर्वेक्षण पुन्हा झालं. बायकांची २९९ मिनिटं २८९ वर आली. बरं झालं म्हणेपर्यंत दुसरा आकडा दिसतो. पुरुषांची ९७ मिनिटंही ८८ वर आली आहेत. दोघांमधलं अंतर जवळपास तेवढंच राहिलं.

पण आपला प्रश्न वेगळा आहे. या २८९ मिनिटांत 'आज भाजी काय करू' चा विचार मोजला गेलाय का?

बहुतेक नाही. हे सर्वेक्षण होतं कसं ते बघा. घरातल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला विचारलं जातं की काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत तुम्ही काय काय केलं. दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे पाडलेले असतात आणि त्यात दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेली कामं नोंदवली जातात. कणीक मळली, नोंद झाली. भांडी घासली, नोंद झाली. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर 'अरे, साबुदाणा भिजवायचा राहिला' म्हणून उठणं दोन मिनिटांचं असतं. बसमध्ये उभ्या उभ्या संध्याकाळच्या भाजीचा विचार करणं 'प्रवास' या कप्प्यात जातं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये दूध उतू गेलेलं आठवणं 'नोकरी' या कप्प्यात जातं. हातांना किती वेळ काम होतं एवढंच घड्याळ सांगतं.

पण आता मिक्सर आहे, कुकर आहे, दहा मिनिटांत भाजी घरी येते. मग?

हा प्रश्न बरोबर आहे. आपल्या आज्ज्यांनी जात्यावर दळलं, पाट्यावर वाटलं, चुलीवर फुंकणीने फुंकत स्वयंपाक केला. त्यांच्या शरीराला झालेले कष्ट आजच्या किचनमध्ये नाहीत, आणि यंत्रांनी ते कमी केले हे मान्यच करायला हवं.

पण १९८३ मध्ये अमेरिकेतल्या इतिहासकार रुथ श्वार्ट्झ कोवन यांनी एक पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं की यंत्रं आली तसं घरकाम हलकं झालं, पण आईचा वेळ त्या प्रमाणात वाचला नाही. याची दोन कारणं होती. लाकूड फोडणं, दळण आणणं अशी जी कामं पुरुष आणि मुलं करायची ती आधी संपली. आणि दुसरं म्हणजे अपेक्षा वाढल्या.

आपल्याकडेही हे दिसतं. जुन्या घरात सकाळी भाकरी-कालवण झालं की संध्याकाळी तेच असायचं, कोणी विचारायचं नाही. आज मुलाच्या डब्यात काल दिलेली भाजी चालत नाही. शाळेने पाठवलेला डब्याचा तक्ता असतो, सोमवारी कडधान्य, बुधवारी फळ. घरात एकाला डाएट म्हणून चपाती नको, दुसऱ्याला भात हवाच. पर्याय वाढले तसं ठरवायचं कामही वाढलं. ॲपवरून दहा मिनिटांत भाजी येते खरी, पण काय मागवायचं हे ॲप ठरवत नाही. घरातल्या ज्या फोनमध्ये ते ॲप असतं, तो कोणाचा असतो ते आजूबाजूला बघा.

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि मराठी घरांत वाटी-चमच्याच्या मापाने पदार्थ शिकवून गेलं. आज तर यूट्यूबवर हवी ती रेसिपी मिळते. पदार्थ कसा करायचा याचं उत्तर आपल्याकडे भरपूर आहे. आज कोणता करायचा, याचं उत्तर पुस्तकात नसतं. ते तुमच्या फ्रीजमध्ये आणि तुमच्या माणसांच्या पोटात असतं.

या कामाची किंमत किती?

बहुतेक घरांत शून्य. 'तुमच्या मिसेस काय करतात?' 'काही नाही, घरीच असतात.' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय.

गंमत अशी की हे काम बंद पडल्यावर त्याची किंमत काढावी लागते. अपघातात गृहिणीचा मृत्यू झाला, तर कुटुंबाला भरपाई किती द्यायची? कारण तिला पगार नसतो. २००१ मध्ये लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं होतं.

५ जानेवारी २०२१ ला 'कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स' या खटल्यात न्यायालय पुन्हा या विषयावर आलं. न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी आपल्या निकालपत्रात २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणाचाच आधार घेतला. २०११ च्या जनगणनेत जवळपास १६ कोटी बायकांनी 'घरकाम' हेच आपलं मुख्य काम असल्याचं सांगितलं होतं आणि असं सांगणारे पुरुष होते ५८ लाखांच्या आसपास, याचाही त्यात उल्लेख आहे. घरात राहणारी बाई काही काम करत नाही, कुटुंबाच्या कमाईत भर घालत नाही, ही समजूत चुकीची आहे आणि ती सोडून द्यायला हवी, असा त्या निकालपत्राचा रोख आहे.

महाराष्ट्रात तर याचं जिवंत उदाहरण आहे. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून, देशावरून आलेले हजारो कामगार कुटुंबाशिवाय राहायचे. गिरणगावातल्या बायका त्यांना दोन वेळचं जेवण द्यायच्या. त्याच चपात्या, तीच आमटी, पण आता महिन्याकाठी पैसे मिळायचे. या खानावळवाल्या बायकांना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. आज गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं आहेत. तिथल्या फळ्यावर 'आजची भाजी' लिहिलेली असते, ती ठरवणारीला त्याचे पैसे मिळतात, आणि गिऱ्हाईक 'काहीही द्या' म्हणत नाही.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, 'मी तुला मदत करतो' हे वाक्य. हेतू चांगला असतो. पण मदत म्हणजे काम तुझं, मी थोडा हात लावतो. त्याऐवजी एक आख्खं काम घ्यायचं, म्हणजे चारही टप्प्यांसकट. मंगळवारचं रात्रीचं जेवण माझं, तर काय करायचं, सामान आहे का, कधी भिजवायचं आणि उरलेलं कुठे ठेवायचं, सगळं माझं. कोणाला काही विचारायचं नाही.

दुसरी, प्रश्नाचं उत्तर द्यायचं. 'काहीही' ऐवजी 'गवार' म्हणा. गवार नसेल तर ती सांगेल. आणि एकदा गवार म्हटलं की ताटात आल्यावर नाक मुरडायचं नाही.

तिसरी, आठवड्याचं ठरवून टाकायचं. मेस, हॉस्टेल, शाळांची मध्यान्ह भोजन योजना, सगळीकडे तक्ता असतो. रविवारी बाजारात जायच्या आधी सगळ्यांनी बसून दहा मिनिटांत सात भाज्या ठरवल्या तर रोजचा वाद आठवड्यातून एकदाच होतो. तक्ता फ्रीजवर लावा. तो तंतोतंत पाळला नाही तरी चालतं.

आमच्या घरी यातलं किती जमलं? खरं सांगायचं तर निम्मं.

ऑपरेशननंतर आम्ही तिघांनी बसून वाटण्या केल्या. गुरुवारचा उपवास आणि गॅस-दूध पप्पांकडे. महिन्याचा किराणा माझ्याकडे, तो मी पुण्यातून ऑर्डर करणार. पहिल्याच महिन्यात मी आईला फोन केला, "आई, काय काय संपलंय ते सांग." ती स्टुलावर चढून एकेक डबा उघडून सांगत बसली. म्हणजे यादी पुन्हा तिचीच. आता पप्पा महिन्याच्या शेवटी फडताळाचा आणि डब्यांचा फोटो पाठवतात, यादी मी करतो. मोहरी दोनदा राहिली. चालायचंच.

आईलाही हे सोपं गेलं नाही, हेही सांगायला हवं. किचन हे तिचं राज्य आहे. तिथे काय शिजणार हे तिने ठरवायचं, यात ओझं आहे तसा मानही आहे. पस्तीस वर्षांत जी एक जागा तिच्या हुकमाखाली होती, तिथे आम्ही तक्ता घेऊन घुसलो होतो. "तुम्हाला नाही जमायचं, द्या इकडे," हे ती दहा वेळा म्हणाली. तिला सगळं सोडायचं नव्हतंच. तिला गुरुवार, गॅस आणि किराणा सोडायचा होता, बाकी तिने स्वतःकडे ठेवलं. कोणतं काम जड वाटतं हे तिलाच विचारावं लागतं, आपण परस्पर ठरवून चालत नाही.

सगळ्यात अवघड गेला तो दुसरा गुरुवार. पप्पा बुधवारी रात्री साबुदाणा भिजवायला विसरले. आईला ते रात्रीच आठवलं होतं. तिने मला नंतर फोनवर सांगितलं, "दोनदा उठून बसले बघ. म्हटलं घालावा पाण्यात गपचूप. पण नाही घातला." सकाळी पप्पांनी पुन्हा केळी खाल्ली.

आता बुधवारी रात्री नऊ वाजता पप्पांच्या मोबाईलवर अलार्म वाजतो. त्याचं नाव त्यांनी 'साबुदाणा' असं ठेवलंय. आणि आई तेव्हा सिरियल बघत असते.